सप्तमी कुठल्या महिन्याची

गुरुप्रसाद राजूरकर यांचे वर्षश्राद्ध संकल्पातच थांबले. थांबवले ते त्यांच्या पत्नीने, शरयूताईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून, हातात खिरीचा डाव तसाच धरून.

तोपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या घरात पुढच्या खोलीत पाट मांडले होते. मुलगा अभिराम सोवळे नेसून, बोटात दर्भाचे पवित्रक घालून बसला होता. तो मालवाहू जहाजावर अधिकारी. आठवड्याच्या शेवटी त्याला मुंद्रा बंदरात रुजू व्हायचे होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत त्याचे घरी येणे नव्हते. वडिलांचे पहिले श्राद्ध उरकूनच जाता यावे म्हणून त्याने कंपनीकडून तारीख पुढे ढकलून घेतली होती. शरयूताईंनी त्या वर्षात मुलांकडे मागितले ते एवढेच होते : यांचे पहिले श्राद्ध यांच्या तिथीला व्हावे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

रमाकांत गुरुजी एकेक पद सांगत होते आणि अभिराम ते मागून म्हणत होता. शक, संवत्सर, अयन, ऋतू झाले.

“कार्तिक मासे,” गुरुजी म्हणाले.

“कार्तिक मासे.”

“कृष्ण पक्षे.”

“थांबा,” शरयूताई म्हणाल्या. “कार्तिक कसा? हे गेले ते मार्गशीर्षात.”

गुरुजींनी वर पाहिले. “आज कार्तिक वद्य सप्तमी आहे, वहिनी. मार्गशीर्ष लागायला अजून आठवडा आहे.”

“मग तुम्ही आज आलात कसे?”

“तुम्ही बोलावलंत म्हणून.”

खीर खाली लागू लागल्याचा वास आला. गुरुप्रसादांची मुलगी श्रुती दाराशी आईच्या मागे उभी होती, तिने आत जाऊन गॅस बंद केला.

“अभिराम, तारीख तू कळवलीस मला,” गुरुजी म्हणाले. “वर्षश्राद्ध आहे, सप्तमी आहे, असं म्हणालास. मी पाहिलं तर त्या दिवशी सप्तमी होती. महिना मी विचारला नाही. यजमानाला बापाचा महिना माहीत नसेल असं कसं समजू?”

“गुरुजी, मी मनाने नाही सांगितली. आईच्या फोनने सांगितली.”

ही चूक घरात इतके दिवस कोणाच्या लक्षात का आली नाही, याला कारणे होती. तिथी दर वर्षी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते हे सगळ्यांना ठाऊक होते आणि फोनने दाखवलेली तारीख तेवढीच आधी होती. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता. म्हणजे तिथी मागे नव्हे, पुढे सरकायला हवी होती. एरवी शरयूताईंना हे सांगावे लागले नसते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्या दर वर्षी महालक्ष्मीचा घट मांडत. गुरुप्रसाद गेले तेही तसल्याच एका गुरुवारी, दुपारी, घरात पूजा मांडलेली असताना. यंदा घट मांडायचा नव्हता. दिवाळी केली नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर सणांवरून महिने ओळखले, तिच्या घरात वर्षभर सणच झाला नव्हता.

“आता काय करायचं?” अभिरामने विचारले. त्याचा हात अजून पळीवर होता.

“संकल्प पुरा झालेला नाही. उठता येतं,” गुरुजी म्हणाले. “आज सप्तमी आहे, पण ती त्यांची नाही. त्यांची पुढच्या महिन्यात येईल.”

“पुढच्या महिन्यात मी समुद्रावर असेन.”

“ते समुद्राला सांग. मी पंचांग बदलू शकत नाही.”

अभिरामने पवित्रक काढून ताम्हनात ठेवले आणि उठला. बापाच्या श्राद्धातून उठण्याची वेळ आल्याचा धक्का त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता, आणि थोड्याच वेळात त्या जागी संताप आला. त्याने आईचा फोन उचलला.

फोनमधल्या पंचांगाचे नाव ‘पंचपात्र’. ते कुठल्या कंपनीचे नाही. ते ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कोणीही तो वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. सांभाळणाऱ्यांनी ती तपासून घेतली की ती सगळ्यांच्या फोनवर जाते. घरातल्या माणसांच्या तिथ्या त्यात एकदा भरल्या की ते दर वर्षी आधी आठवण देते. गुरुप्रसाद गेल्यावर तेराव्यानंतर अभिरामनेच ते आईच्या फोनवर टाकले होते आणि ‘मार्गशीर्ष कृष्ण सप्तमी’ अशी नोंद केली होती. नोंद अजून तशीच होती. तारीख मात्र ते आजची दाखवत होते.

“हे बघ. मार्गशीर्षच लिहिलंय. हा मतलब अ‍ॅप पागल झालाय,” अभिराम म्हणाला. “श्रुती, तुझं काम आहे ना हे? बघ जरा, किसने किया ये.”

श्रुती घरूनच इंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करीत असे. तिने फोन घेतला आणि सेटिंग उघडले. ‘ठिकाण : मध्य प्रदेश. महिना : पौर्णिमेला संपणारा.’ तिने ते वाचले आणि फोन खाली ठेवला.

मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, कृष्ण पक्षाचे वेगळे. आज राजूरकरांच्या घरात कार्तिक वद्य सप्तमी होती, तर शेजारच्या हिंदी घरांत तीच सप्तमी अगहनची, म्हणजे मार्गशीर्षाची होती. दिवाळी, होळी, शिवरात्र सगळ्यांची एकाच दिवशी येते, त्यामुळे हा फरक कोणाला दिसत नाही. तो दिसतो फक्त माणूस गेल्याच्या तिथीला. पंचपात्र आधी सगळ्यांसाठी मराठी पद्धत धरायचे. आता ते मध्य प्रदेश पाहून हिंदी पद्धत धरत होते.

“काय झालं?” अभिराम म्हणाला. “सापडलं?”

“हो.”

“कोण आहे हा महाभाग? यांची नावं असतात ना कोडमध्ये?”

“असतात.”

“मग काढ नाव. याला मी सोडणार नाही. माझी सगळी सुट्टी, आईचं वर्ष... सांग ना, कोण आहे हा गाढव?”

“मी आहे, दादा.”

अभिराम हसला. “मज़ाक नको करूस यार, या टायमाला.”

“नाव माझं आहे. चैत्रात मी बदल पाठवला होता. तुला फोन करून सांगितलं होतं, माझा पहिला कोड मंजूर झाला म्हणून. तू जहाजावरून पार्टी मागितली होतीस.”

रमाकांत गुरुजी दर्भ गुंडाळत होते, त्यांचा हात थांबला. शरयूताई पाटावर बसल्या, तो पाट पितरांसाठी मांडलेला आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

चैत्रात झाले होते ते असे. वडील गेल्यावर श्रुतीला कुठल्या तरी कामात लक्ष घालायचे होते. पंचपात्राच्या पानावर नव्या मदतनिसांसाठी सूचना होत्या : छोटे काम निवडा, ज्याची स्वतःला माहिती आहे तिथून सुरुवात करा, आधीच्या चर्चा वाचा, शंका असेल तर विचारा. कामांच्या यादीत एक तक्रार होती. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान इथल्या लोकांना कृष्ण पक्षात महिन्याचे नाव चुकीचे दिसते आणि तिथ्यांची आठवण महिनाभर उशिरा येते. श्रुतीला वाटले, हे आपल्याला माहीत आहे. शाळेत, मैत्रिणींच्या घरी, दुकानातून मिळणाऱ्या कॅलेंडरवर तिने तोच महिना पाहिला होता. तिने राज्य पाहून पद्धत ठरवणाऱ्या थोड्याच ओळी लिहिल्या, चाचण्या चालवल्या. चाचण्या सगळ्या सणांच्या होत्या आणि सण सगळे बरोबर आले.

पंचपात्र सांभाळणाऱ्या सीमंतिनी, ठाण्याच्या निवृत्त प्राध्यापिका, यांनी मंजुरीपूर्वी एकच प्रश्न विचारला होता. तो प्रश्न आणि उत्तर अजून तिथे होते. अभिरामने ते श्रुतीच्या लॅपटॉपवर मोठ्याने वाचले.

“ ‘मध्य प्रदेशात सगळेच पौर्णिमेला महिना संपवतात का? कोणी वेगळे असतील?’ ” त्याने स्क्रीन खाली सरकवली. “आणि हे तू. ‘मी ग्वाल्हेरचीच आहे. इथे सगळे असेच मानतात.’ ”

त्याने लॅपटॉप बंद केला.

“सगळे,” तो म्हणाला. “आई सगळ्यांत नाही येत?”

आई कुठला महिना धरते, हे श्रुतीने कधी विचारलेच नव्हते. घरात तो धरलेला असायचा, बस्स. ती मराठी घरात जन्मली होती आणि ग्वाल्हेर म्हटल्यावर तिला स्वतःचे घर सोडून बाकी सगळे आठवले होते.

“जेवून घ्या,” शरयूताई अखेरीस म्हणाल्या. “वडे गार होतायत. गुरुजी, तुम्हीसुद्धा. आज नुसतं जेवण आहे, श्राद्धाचं नाही.”

गुरुजींनी खीर दोनदा घेतली आणि जाताना श्रुतीला म्हणाले, “पोरी, आज माझ्या फोनवर आणखी कोणाची बोलावणी आहेत ते बघायला लागेल. तुझ्या त्या अ‍ॅपने किती घरांत घोळ घातलाय कोण जाणे.”

हे श्रुतीच्या डोक्यात आले नव्हते. तिचे घर एक. पण इंदूर, देवास, धार, झाशी इथली मराठी घरे? बदल गेला त्या दिवसापासून त्यांच्या वद्य पक्षातल्या सगळ्या तिथ्या महिनाभर आधी सरकल्या होत्या. आणि ज्यांची सरकलेली तारीख त्या दिवशी होऊन गेली होती आणि खरी अजून यायची होती, त्यांच्या फोनने तिथी झाली असे समजून सरळ पुढचे वर्ष दाखवले असणार. त्यांना आठवण आलीच नसेल. ते अजून वाट बघत असतील.

तिने ताट तसेच ठेवून लॅपटॉप उघडला आणि पंचपात्राच्या पानावर चूक नोंदवली. चूक काय, कोणाच्या तिथ्या चुकल्या, कुठल्या बदलाने, आणि तो बदल कोणी केला, सगळे लिहिले. आपले नाव लिहिले.

थोड्या वेळाने सीमंतिनींचा फोन आला.

“श्रुती, मी हादरले आहे,” त्या म्हणाल्या. “मंजुरी माझी होती. बदल मागे घेऊ शकते, आत्ता. पण मागे घेतला की हिंदी घरांच्या तिथ्या पुन्हा चुकणार. नीट दुरुस्ती लिहिशील?”

श्रुतीने ती संध्याकाळपर्यंत लिहून पाठवली. फोनची भाषा मराठी असेल तर महिना अमावास्येला संपेल, नाही तर राज्याप्रमाणे. सोबत नवी चाचणी जोडली : ग्वाल्हेर, मराठी, मार्गशीर्ष कृष्ण सप्तमी. तारीख बरोबर आली.

सीमंतिनींनी ती मंजूर केली नाही.

“मागच्या वेळी मी प्रश्न विचारला आणि तू घरबसल्या उत्तर दिलंस,” त्या म्हणाल्या. “या वेळी उत्तर नको. चार दारं ठोठाव आणि मग सांग.”

“ताई, मराठी माणूस आहे म्हटल्यावर...”

“हेच तू चैत्रात ग्वाल्हेरबद्दल म्हणाली होतीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुती बाहेर पडली. खासगी बाजारातल्या दोन घरांत आणि नई सडकेवरच्या एका दुकानात तिला अपेक्षित उत्तर मिळाले. अमावास्या. ‘हे काय विचारायचं?’ असेही ऐकावे लागले. शेवटी ती किला गेटला जयसिंहराव भोईटे यांच्याकडे गेली. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वडिलांचे मित्र. पंचपात्र त्यांच्या फोनवर गुरुप्रसादांनीच टाकून दिले होते आणि ते मराठीत ठेवलेले होते, कारण जयसिंहराव रोज काही तरी मराठी वाचायचे म्हणत.

“ये बेटा. वर्षश्राद्ध झालं ना काल?”

“नाही झालं, काका.” तिने सगळे सांगितले. ऐकताना त्यांनी एकदा चष्मा काढून पुन्हा लावला. मग तिने विचारले, “तुमच्याकडे महिना अमावास्येला संपतो ना?”

“नाही. पूनमला.”

“पण तुम्ही तर...”

“मराठी? आहोत ना. पण माझे आजोबा, वडील, मी, सगळे फौजेत. पलटणीत पंडितजी इकडचेच असायचे. ते सांगतील तो महिना. घरात तोच चालू झाला, कोणी बदलला नाही.” त्यांनी फोन टेबलावरून उचलून तिला दाखवला. “विक्रमसिंहची तिथी अगहन वदी तेरस. या शनिवारी. बरोबर दाखवतोय ना आत्ता?”

विक्रमसिंह त्यांचा मुलगा. झाशी रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा कॉलेजात होता.

“बरोबर दाखवतोय,” श्रुती म्हणाली. “काका, मी काल एक दुरुस्ती लिहिली. मराठी भाषा असेल तर अमावास्या. ती मंजूर झाली असती तर आज तुमचा फोन... पुढच्या महिन्यात गेला असता.”

जयसिंहरावांना हे समजायला एक क्षण लागला.

“म्हणजे मला मराठी वाचायला आवडतं म्हणून तू माझ्या पोराला एक महिना पुढे ढकलणार होतीस?”

“हो.”

“आणि मला कळलं असतं?”

“नाही. आईला नाही कळलं.”

ते उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा रागावलेले नव्हते, पण नेहमीसारखेही नव्हते.

“बेटा, दोन्ही वेळा तू हुशारी केलीस. विचारायचं ना सरळ. कोणी मारणार होतं का? माझा फोन दिवसभर मला काही ना काही विचारत असतो. लोकेशन देऊ का, फोटो बघू का. हे एक विचारायला काय हरकत होती त्याची?”

श्रुतीने परत येऊन आदल्या दिवशीचे सगळे पुसले. राज्य नको, भाषा नको, आडनाव नको. नवी तिथी भरताना पंचपात्र आता एक प्रश्न विचारणार होते : तुमच्या घरी महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला? आधी भरलेल्या तिथ्यांसाठीही तो विचारला जाणार होता, आणि उत्तर मिळेपर्यंत दोन्ही तारखा दिसणार होत्या. चाचण्या तिने दोन जोडल्या, एकाच शहरातल्या, एकाच भाषेतल्या : एक मार्गशीर्ष कृष्ण सप्तमीची, एक अगहन कृष्ण त्रयोदशीची. दुसरीसाठी जयसिंहरावांची परवानगी तिने फोन करून घेतली. सीमंतिनींनी ओळ न् ओळ तपासली, दोन ठिकाणी परत पाठवली आणि मग मंजूर केली. खाली त्यांनी लिहिले, ‘दोन्ही चाचण्या खऱ्या घरांच्या आहेत. पुढे कोणीही काढू नयेत.’

त्या पानावर श्रुतीच्या नोंदीखाली लोक लिहू लागले. देवासच्या एका बाईने लिहिले की त्यांनी सासूबाईंचे श्राद्ध महिनाभर आधी केले, आता पुन्हा करतील. इंदूरच्या एका गृहस्थांची तिथी निघून गेली होती. ‘फोन वाजला नाही म्हणून मला वाटलं अजून वेळ आहे,’ एवढेच त्यांनी लिहिले होते. शिवी नव्हती, प्रश्न नव्हता. श्रुतीने ते पुन्हा पुन्हा वाचले. प्रत्येकाला तिने स्वतः उत्तर दिले. त्या गृहस्थांना काय लिहावे ते तिला सुचेना. शेवटी तिने रमाकांत गुरुजींना विचारून लिहिले की राहिलेले श्राद्ध वद्य एकादशीला किंवा अमावास्येला करतात, आणि माफी मागितली.

अभिराम ठरल्या दिवशी निघाला. स्टेशनवर त्याने बहिणीला इतकेच म्हटले, “मी तुझ्यावर चिडलोय. जहाजावर उतरेल.” मग गाडी सुटताना म्हणाला, “आई काही बोलली का गं?”

“नाही. तेच वाईट आहे.”

शरयूताई खरोखरच काही बोलल्या नव्हत्या. त्या घरातली कामे करीत, श्रुतीला हाक मारून जेवायला बोलावीत. झालेल्या चुकीचा विषय त्यांनी काढला नाही. ती शांतता कधी तरी फुटेल याची श्रुती वाट बघत राहिली.

मार्गशीर्ष लागला. वद्य पक्ष आला. षष्ठीच्या सकाळी फोनने आठवण दिली : उद्या. शरयूताईंनी ती वाचली आणि त्यानंतरही गुरुजींना फोन लावला. फोन त्यांनी स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

“गुरुजी, उद्या महिना कुठला?”

“मार्गशीर्ष, वहिनी. वद्य सप्तमी. मीही दोनदा पाहिलंय. पण बसणार कोण? झाशीचे तुमचे चुलत पुतणे येतायत ना? संध्याकाळच्या गाडीने आले तरी चालेल.”

“त्यांना नाही बोलावलं. श्रुती बसेल.”

श्रुती भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली.

“मी?”

“मग आणखी कोण?”

“आई, चूक माझी झाली म्हणून? म्हणजे प्रायश्चित्त असं काही...”

“काहीतरीच बोलू नकोस,” शरयूताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच चिडल्या होत्या. “श्राद्ध ही काय शिक्षा आहे? ते तुझे वडील होते. अभिराम लांब आहे, तू घरात आहेस. अभिराम घरात असता तर तो बसला असता. यात चुकीचा संबंध कुठे आला?”

“पण मला काही येत नाही त्यातलं. मंत्र, सव्य-अपसव्य, काहीच नाही.”

“येत नसेल तर विचार. गुरुजी समोर बसलेलेच असणार आहेत.”

श्रुती ओट्यावरच्या फोनकडे बघत राहिली. राजूरकरांच्या घरात मुलगी श्राद्धाला बसल्याचे तिने ऐकले नव्हते, आणि आईच्या चेहऱ्यावरून हे आजच ठरलेले दिसत नव्हते.

“गुरुजी?” शरयूताई म्हणाल्या. “आहात का?”

“आहे,” पलीकडून आवाज आला. “ऐकतोय.”

“चालेल ना?”

रमाकांत गुरुजींनी घसा साफ केला. “दर्भ माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “काळे तीळ तुम्ही आणा. आणि तिला सांगा, उद्या सकाळी काही खाऊ नकोस.”